स्वर्गातली वेटिंग लिस्ट

मागच्या अंकात देवदूतांच्या जुन्या अमेरिकन चित्रपटांवर चार ओळी खरडल्या, आणि टपाल एवढं आलं की या महिन्यात दुसऱ्या विषयाला जागाच उरली नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एकतीस वर्षं प्रसूतिकक्षात सिस्टर होते. रात्रपाळी संपवून घरी आलं की डोळे चुरचुरायचे, पण झोप यायची नाही. म्हणून फिल्म सोसायटीतून आणलेले सिनेमे सकाळी सातला, पडदे ओढून बघायची सवय लागली. नोकरी संपली, सवय राहिली. तेव्हा या पानावरची मतं समीक्षकाची नाहीत. घड्याळाकडे बघत कळा मोजणाऱ्या बाईची आहेत. चालत नसतील त्यांनी पुढचं पान उघडावं, तिथे शब्दकोडं आहे.

प्रश्न : सिस्टर, लहानपणी मामांकडे एका रात्री टीव्हीवर एक इंग्रजी चित्रपट अर्धवट पाहिला होता. कृष्णधवल. नवरा-बायको खोलीत बोलत असतात, एक लहान मुलगी तिथेच उभी राहून सगळं ऐकत असते, पण त्यांना ती दिसत नाही. पुढे एक शिष्ट देवदूत काउबॉय होऊन येतो. घरचे म्हणतात, तू स्वप्न पाहिलंस. असा चित्रपट खरंच आहे का?

आहे. घरच्यांना हे पान दाखवा. 'फॉर हेवन्स सेक', १९५०, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, दिग्दर्शक जॉर्ज सीटन.

ती मुलगी अजून जन्मलेली नाही. तिचं नाव आयटम. हसू नका, मीही पहिल्यांदा हसले होते. आपल्याकडे या शब्दाला जो वास आहे तो तिथे नाही. मला ते एखाद्या लांबलचक यादीतल्या नोंदीसारखं वाटतं, आणि पोरीची अवस्था तशीच आहे. तिचे होणारे आईबाप न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे. नवरा नाटकं बसवतो, बायको त्यांत काम करते, आणि पुढच्या नाटकाच्या गडबडीत पाळणा दरवेळी पुढे ढकलला जातो. आयटम वाट बघून कंटाळली आहे. तिची जबाबदारी चार्ल्स आणि आर्थर या दोन देवदूतांवर. चार्ल्स म्हणजे क्लिफ्टन वेब, आर्थर म्हणजे एडमंड ग्वेन. नुसतं अदृश्य राहून काम होत नाही असं बघून चार्ल्स माणसाचं रूप घेतो. तेही साधंसुधं नाही, मोंटानातला गडगंज रँचवाला, काउबॉयच्या भूमिकांनी गाजलेल्या गॅरी कूपर या नटाच्या धर्तीवर कमी बोलणारा.

रँचवालाच का, यात चित्रपटातला सगळ्यात चांगला विनोद दडलाय, आणि मराठीत आणला की तो जागीच मरतो. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाटकात पैसा घालणाऱ्याला 'एंजल' म्हणतात. नाटकवाल्या जोडप्याच्या घरात शिरायचं तर याहून सोपी वाट कोणती? म्हणजे खरा देवदूत खोटा 'देवदूत' बनून येतो. आपल्या निर्मात्यांना पैसे देणाऱ्याला लोक काय काय म्हणतात ते मी ऐकलंय, देवदूत कुणी म्हणत नाही.

पुढे गंमत अशी की देह मिळाल्यावर देहाचे शौकही चिकटतात. मद्य, जुगार, बायकांचा सहवास. आर्थर बिचारा अदृश्य राहून काळजी करत बसतो. हा भाग वेबसाठीच शिवल्यासारखा आहे. हा माणूस मुळात नर्तक. 'लॉरा' (१९४४) मधल्या विखारी जिभेच्या लेखकाने त्याला पडद्यावर नाव मिळवून दिलं, आणि १९४८च्या 'सिटिंग प्रेटी'मध्ये तो मुलं सांभाळायला येतो आणि एका द्वाड बाळाच्या डोक्यावर लापशीचा वाडगा उपडा करतो. त्यानंतर फॉक्सने १९५० या एकाच वर्षी त्याला 'चीपर बाय द डझन'मध्ये बारा मुलांचा बाप केलं आणि इथे एका न जन्मलेल्या मुलीचा राखणदार. प्रत्यक्षात गृहस्थ अविवाहित, आईबरोबर राहायचे. मुलांकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मी ओळखते. आमच्याकडे पहिल्यांदा वॉर्डात आलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा असायचा.

कथेचा मूळ धागा हॅरी सेगल आणि डोरोथी सेगल यांच्या नाटकातला. हॅरी सेगल म्हणजे ज्याच्या नाटकावरून 'हिअर कम्स मिस्टर जॉर्डन' (१९४१) निघाला तोच. त्यात स्वर्गाचा एक उत्साही निरोप्या एका मुष्टियोद्ध्याचा आत्मा मरणाआधीच काढून नेतो, पन्नास वर्षं लवकर. तिथे माणूस वेळेआधी वर पोचतो, इथे मूल वेळ टळून गेली तरी खाली येत नाही. स्वर्गाच्या कचेरीतला गोंधळ ही सेगल यांची हातखंडा वस्तू.

चित्रपट थोर आहे का? नाही. उत्तरार्धात तो धापा टाकतो आणि आयटम झालेली छोटी जीजी पेरो पडद्यावर नसली की त्यातली हवाच जाते. पण तुम्हाला लहानपणचं आठवतंय ते बरोबर तेवढंच दृश्य आठवतंय, यात सगळं आलं.

प्रश्न : 'फॉर हेवन्स सेक' हा हॅरॉल्ड लॉईडचा मूकपट आहे ना? मग त्यात देवदूत कुठून आले?

ते दोन वेगळे. लॉईडचा १९२६चा. त्यात एक बेफिकीर श्रीमंत तरुण गरीब वस्तीतल्या मिशनला चुकून पैसे देऊन बसतो, आणि शेवटी दुमजली बसची जी धावाधाव आहे ती आजही पोट धरून हसवते. देवदूत नाहीत. अर्थात चेक फाडून देतो म्हटल्यावर ब्रॉडवेच्या हिशेबाने तोच देवदूत.

प्रश्न : या सगळ्या चित्रपटांत जन्माबद्दल एवढं बोलतात, पण एकातही बाळंतपण दिसत नाही. बाईचं पोटसुद्धा दिसत नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये मूल कुठून येतं? तुम्ही या क्षेत्रातल्या, म्हणून विचारतो.

विचारलंत ते बरं केलंत, कारण या पानावर मला खरं हेच लिहायचं होतं.

हॉलिवूडची स्वतःची एक आचारसंहिता होती, प्रॉडक्शन कोड. १९३०मध्ये लिहिली गेली, १९३४पासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीने ती सक्तीने लावली आणि १९६८पर्यंत ती कशीबशी टिकली. तिच्यात खून, दरोडा, चुंबन यांसाठी पोटनियम होतेच, पण एक कलम असंही होतं की प्रत्यक्ष बाळंतपण कधीही दाखवायचं नाही, सावलीतसुद्धा नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळीवर होते. शेजारच्या खोलीत एक बाई सगळा मजला डोक्यावर घेत होती. माझ्या मनात आलं, हिला कळवायला हवं की तू हे जे चालवलंयस ते दरोड्यापेक्षा अश्लील आहे.

'गॉन विथ द विंड' (१९३९) मध्ये मेलनीच्या कळा आठवतात? खोली अंधारी, भिंतीवर सावल्या, उकाडा, घाम. कळांपर्यंत नेतात, जन्म मात्र तुम्ही मनाने समजून घ्यायचा. प्रेस्टन स्टर्जेस यांनी 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' (१९४४) मध्ये तर एकीला सहा मुलगे एकदम होतात असं दाखवलं, आणि सगळी मजा दाराबाहेरच्या धावपळीत. आत काय झालं ते आतच राहिलं. आणि ते गरम पाणी! प्रत्येक चित्रपटात कुणीतरी ओरडतं, गरम पाणी आणा. एकतीस वर्षांत मी एवढं पाणी मागितलं नाही. माझा अंदाज आहे की नवऱ्याला खोलीबाहेर काढायची ती सभ्य युक्ती असावी.

शब्दांचीही तीच गत. 'आय लव्ह लूसी' या टीव्ही मालिकेत १९५२ साली नायिकेला दिवस गेले, कारण लूसिल बॉल यांना खरोखरच दिवस गेले होते. पण 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारायला वाहिनीची परवानगी नव्हती. संहिता एका कॅथलिक धर्मगुरूने, एका प्रोटेस्टंटाने आणि एका ज्यू रब्बीने आधी तपासायच्या. १९ जानेवारी १९५३ला मालिकेत मूल झालं, आणि त्याच दिवशी बॉल यांचं सिझेरियनही झालं. ही वेळ साधणं मात्र देवदूताच्या हातात नव्हतं, डॉक्टरच्या डायरीत होतं.

आता यात भर घाला ती अशी. त्या काळात अमेरिकेतल्या रुग्णालयांत कित्येक बायकांना मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देत. या औषधाच्या गुंगीला तिकडे 'ट्वायलाइट स्लीप' म्हणायचे. १९०६च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून ही पद्धत गाजली. दुखायचं पुष्कळ, फक्त नंतर आठवायचं नाही. नवरा बाहेर सिगारेटी ओढत येरझाऱ्या घालतोय, बाई गुंगीत, आणि जाग आली की कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. म्हणजे पडद्यावर बंदी होती ते सोडा, थिएटरात बसलेल्या कितीतरी आयांच्या स्वतःच्या आठवणीतसुद्धा तो प्रवेश कापलेला होता.

मग सिनेमावाल्यांनी काय करावं? जन्म दाखवता येत नाही तर जन्माच्या आधीचं दाखवावं. ढग दाखवायला कोडची हरकत नव्हती. अवघडलेलं पोट नको, रक्त नको, कळा नकोत. फ्रॉक घातलेली, केस विंचरलेली नऊ वर्षांची मुलगी थेट उभी करा आणि म्हणा, हिला जन्माला यायचंय. मला तर वाटतं की या चित्रपटांतला तो ढगांतला मजला म्हणजे हॉलिवूडने बांधलेला प्रसूतिकक्षच आहे. फक्त त्यात बाळंतीण ठेवायची राहून गेली.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधल्या म्हाताऱ्या देवदूताला ऑस्कर मिळालं. तपासून लिहीत जा.

चूक माझी. त्या देवदूताचं, क्लॅरेन्सचं, काम हेन्री ट्रॅव्हर्स यांनी केलं. ऑस्कर मिळालं ते एडमंड ग्वेन यांना, 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७) मधल्या सांताक्लॉजसाठी. तो चित्रपटही सीटन यांचाच, म्हणूनच त्यांनी तीन वर्षांनी ग्वेन यांना पुन्हा स्वर्गातून बोलावलं. दोघेही इंग्लंडचे, दोघेही गोल चेहऱ्याचे, दोघांचेही डोळे मिचमिचे. वॉर्डात जुळी बदलू नयेत म्हणून मनगटावर पट्टी बांधायचो. या दोघांनाही बांधायला हवी.

प्रश्न : न जन्मलेलं मूल देवदूतासारखं वर राहतं, हे ख्रिस्ती धर्मात आहे का? की सिनेमावाल्यांची थाप?

बव्हंशी थाप, पण गोड. राखणदार देवदूत मात्र थाप नाहीत. कॅथलिक पंचांगात त्यांचा स्वतंत्र सण आहे, २ ऑक्टोबर. पण माणूस मेल्यावर देवदूत होतो असं चर्च मानत नाही. देवदूत ही जातच निराळी. म्हणजे पंख मिळवण्यासाठी धडपडणारा क्लॅरेन्स नापास. जन्माआधी आत्मे कुठेतरी रांगेत उभे असतात हेही त्या धर्मात बसत नाही. तशी शिकवण सहाव्या शतकातच पाखंड ठरली. म्हणजे आयटमही नापास.

या बाबतीत मला सगळ्यात आवडतो तो तेराव्या शतकातला संत थॉमस अक्वायनस. त्याने अगदी गंभीरपणे प्रश्न घेतलाय की राखणदार नेमतात कधी. उत्तर, जन्माला येताक्षणी. आणि पोटात असताना? तेव्हा मूल आईपासून पुरतं वेगळं नसतं, म्हणून आईचा जो देवदूत तोच बहुधा दोघांकडे बघत असावा. ओव्हरटाइमची नोंद कुठे करतात ते त्याने लिहिलेलं नाही. पण विचार करा, एका ब्रह्मचारी संन्याशाला जे सुचलं ते हॉलिवूडला सुचलं नाही. त्याने मुलाकडे बघताना आईला चौकटीबाहेर काढलं नाही.

ज्यू परंपरेतली गोष्ट याहून सुंदर आहे. तालमूद या धर्मग्रंथात म्हटलंय की गर्भाच्या डोक्याशी एक दिवा तेवत असतो, त्या उजेडात त्याला जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं, आणि त्याला सगळं धर्मज्ञान शिकवलेलं असतं. बाहेर यायच्या क्षणी देवदूत येऊन तोंडावर चापट मारतो आणि ते सगळं विसरायला होतं. नाकाखाली ओठावर जी पन्हळ असते ती त्याच देवदूताच्या बोटाची खूण असं लोक सांगतात. मी शेकडो बाळांचे ओठ ओल्या कापसाने पुसलेत. ही गोष्ट वाचल्यापासून त्या पन्हळीवरून बोट फिरवताना उगीच चोरट्यासारखं वाटायचं.

प्रश्न : आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. उपचार चालू आहेत. 'फॉर हेवन्स सेक' गेल्या महिन्यात घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बघ, वर कुणीतरी ताटकळत असेल, आणि तू कामाच्या मागे." सगळे हसले. मला तो विनोदी वाटला नाही. माझं काही चुकतं का? (कृपया नाव छापू नये.)

बाई गं, काही चुकत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी चित्रपटाबद्दल बोलते, म्हणजे तो नेमका कुठे टोचतो ते कळेल. तो एक अगदी साधी लबाडी करतो. जे मूल नाही, ते आहे असं तुमच्या डोळ्यांना दाखवतो. एकदा का ती पोर खोलीत उभी राहिली, की तिला न बघणारं जोडपं आपोआप गुन्हेगार ठरतं. प्रेक्षकाला ती दिसते, आईबापांना दिसत नाही, म्हणून प्रेक्षक शहाणा आणि ते करंटे. अहो, पण ती दिसते ती कॅमेऱ्याने दाखवली म्हणून. आणि सगळा चित्रपट शोधून बघा, मूल कुणाला हवंय हे देवदूत ठरवतात, मुलगी ठरवते. ज्या बाईने नऊ महिने वागवायचं तिला सरळ बसवून कुणी विचारत नाही.

शिवाय तो कधी निघाला ते बघा. अमेरिकेत १९४६पासून मुलांची लाट आली होती, १९५० या एका वर्षात सुमारे ३६ लाख मुलं झाली. शेजारीपाजारी सगळीकडे बाबागाड्या, आणि त्यात एक जोडपं नाटक करत बसलंय, हाच तेव्हा विनोद होता. त्यातही ते जोडपं आपणहून थांबलंय. तुम्ही थांबलेला नाहीत. रांगेत उभं राहणं काय असतं हे आयटमपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. तुमच्यासारख्यांसाठी त्या काळच्या डॉक्टरांकडे फार काही नव्हतंही. बीज तयार व्हायला मदत करणारी क्लोमिफेनची गोळी अमेरिकेत मंजूर झाली १९६७ साली, आणि शरीराबाहेर फलन होऊन पहिलं बाळ जन्मलं ते २५ जुलै १९७८ला, इंग्लंडमधल्या ओल्डममध्ये. ते बाळ कुणा देवदूताने ढकलून पाठवलं नव्हतं. एक गर्भशास्त्रज्ञ, एक शल्यविशारद आणि एक परिचारिका, रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी, यांनी दहा वर्षं अपयश पचवून ते आणलं. पर्डीबाई परिचारिका होत्या हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांचं नाव कितीतरी वर्षं लोक वगळत आले.

एक प्रश्न विचारते, रागावू नका. तपासण्या दोघांच्या झाल्यात ना? मूळ पत्रात (इथे छोटं करून छापलंय) तुम्ही "माझे उपचार" असं दोनदा लिहिलंय, "आमचे" एकदाही नाही. कारण पुष्कळदा पुरुषाकडे असतं, पुष्कळदा दोघांकडे थोडं थोडं. बाईच्या नऊ तपासण्या होऊन नवऱ्याची एकही झालेली नाही अशी जोडपी मी पाहिली आहेत. त्याची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त असते, आणि सगळ्यात शेवटी होते.

सासूबाईंना तुम्ही उत्तर देऊ नका. ते काम तुमच्या मिस्टरांचं. त्यांनी एकदा, सगळे हसत असतील तेव्हाच, न हसता म्हणावं, "आई, हे पुन्हा बोलायचं नाही." एवढंच. मोठं भाषण नको. भाषणाने घरं पेटतात. हे वाक्य त्यांना जमत नसेल तर हे पान त्यांच्या डब्याखाली ठेवा.

आणि वर कुणी ताटकळत नाही. प्रसूतिकक्षाच्या दाराशी मी एकतीस वर्षं उभी होते. आत जाताना बाई दिसायची, बाहेर येताना बाई आणि बाळ. दारात तिसरं कुणी कधी माझ्या पाहण्यात आलं नाही. आलं असतं तर आधी बाहेर चपला काढायला लावल्या असत्या.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे. विचारतो, "मी जन्माआधी कुठे होतो?" त्याच्याबरोबर बसून बघता येईल असं काही सुचवा.

पिक्सारचा 'सोल' (२०२०). त्यातला बावीस नंबरचा आत्मा आयटमच्या अगदी उलटा, त्याला पृथ्वीवर यायचंच नाही. लिंकनपासून मदर तेरेसांपर्यंत सगळ्यांनी शिकवून पाहिलं आणि हात टेकले. आजोबांनाही आवडेल, जॅझ आहे.

जुनं हवं असेल तर शर्ली टेंपलचा 'द ब्लू बर्ड' (१९४०). तेव्हा तो साफ पडला, पण न जन्मलेल्या मुलांचं राज्य त्यात आहे. मूळ नाटक मॉरिस मेटरलिंक यांचं, १९०८मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने पहिल्यांदा केलं. नाटकात प्रत्येक मुलाला पृथ्वीवर काहीतरी घेऊन जावं लागतं. कुणाजवळ यंत्राची कल्पना, कुणाजवळ मोठाली फळं. एक पोर मात्र फक्त तीन आजार घेऊन निघालंय, स्कार्लेट फीव्हर, डांग्या खोकला आणि गोवर. मग पुढे काय, असं विचारल्यावर ते सांगतं, मग मी तुम्हाला सोडून जाणार. आठ वर्षांच्या मुलाला हे वाचून दाखवू नका. तुम्ही वाचा.

प्रश्न : सिस्टर, खरं सांगा, रात्रपाळीला यांपैकी कोणता देवदूत तुम्हाला जोडीला चालला असता?

क्लिफ्टन वेब नको. हात धुवायला सांगितले तर टोमणा मारेल. 'द बिशप्स वाइफ' (१९४७) मधला कॅरी ग्रँट दिसायला छान, पण शिकाऊ मुली कामं सोडून त्याच्याभोवती जमल्या असत्या. क्लॅरेन्स मनाचा चांगला, मात्र त्याला नुसतं जवळ बसवावं, हातात काही देऊ नये.

मला ज्या चालल्या असत्या त्या त्याच न्यूयॉर्कच्या. चार्ल्स आणि आर्थर पडद्यावर तिथे हिंडत होते, त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५२ साली, व्हर्जिनिया अॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळ तपासायची आपली पद्धत मांडली. पाच गोष्टी बघायच्या. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, चिमटा काढल्यावरची प्रतिक्रिया, रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मल्यावर एका मिनिटाने एकदा, आणि पुढे पाचव्या मिनिटाला परत बघायची रीतही पडली. त्याआधी बाळ निळं-मलूल निघालं की बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं असायचं, कुणी चटकन हालचाल करायचं, कुणी मान हलवायचं. बाईंनी आकडा मागितला, आणि आकडा लिहायचा म्हटलं की बाळाकडे नीट बघावंच लागतं.

माझ्या पहिल्याच वर्षी, पहाटे पावणेचारला, एक मुलगी जन्मली. गळ्यात नाळेचे दोन वेढे. एका मिनिटाला तीन. डॉक्टर तिच्यावर वाकलेले, आई विचारतेय, "रडली का? रडली का?" आणि मी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पेन धरून उभी. पाचव्या मिनिटाला आठ.